फोटो कधी टाकतोयस?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा मुलगा सत्तावीस वर्षांचा, राहायला डोंबिवलीला, नोकरी ऐरोलीला आयटीत. कॉलेजपासून ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) आणि कॉमिक्सचं वेड, त्यातून कॉस्प्ले करणाऱ्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करणाऱ्या मित्रमैत्रिणींचे फोटो काढायला लागला, मग फॅन लोकांच्या छोट्यामोठ्या कार्यक्रमांना 'व्हॉलंटियर फोटोग्राफर' म्हणून बोलावणी यायला लागली. त्यात सोसायटीचा गणपती, ओळखीच्या ढोल पथकाचा सराव, पाडव्याची शोभायात्रा, रक्तदान शिबिर, सगळीकडे कॅमेरा घेऊन हाच. पैसे कधी घेतले नाहीत. आता तीन गोष्टींनी वैतागलाय. एक, कार्यक्रम संपायच्या आधीच व्हॉट्सॲपवर 'फोटो कधी टाकतोयस' सुरू होतं, आणि ऑफिस सांभाळून दोन हजार फोटो निवडण्यात पुढचे दोन वीकेंड जातात. दोन, एका फॅन मीटअपला काढलेला फोटो तिथल्या स्पॉन्सरने सरळ जाहिरातीत वापरला, ना विचारलं ना नाव टाकलं. तीन, जो फोटो त्याला स्वतःला सगळ्यात आवडला होता त्याच फोटोतल्या मुलीने 'प्लीज हा काढून टाक' असा मेसेज केला. घरी आई म्हणते, बंद कर या लष्कराच्या भाकऱ्या. त्याचा प्रश्न: 'आता सरळ पैसे घ्यायला लागू का, की सगळं सोडून कॅमेराच विकून टाकू? फुकट केलं की किंमत राहत नाही हेच खरं ना ताई?'

मित्रा, तुझ्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण बाकीचं सगळं पत्र त्याच्यावर उभं आहे. फुकट केलं की किंमत राहत नाही. आपल्याकडे हे इतक्या वेळा बोललं जातं की खरंच तसं असतं का हे कोणी बघतच नाही. तुझ्या सोसायटीच्या गणपतीत रात्री मंडपात झोपायला थांबणारे, प्रसादाची भांडी घासणारे, विसर्जनाला गर्दीच्या कडेने दोरी धरून चालणारे, सगळे फुकटच असतात ना? त्यांना किंमत नाही असं मला तरी कुठे दिसलेलं नाही, उलट दोरी धरणारा एखादा पोरगा आला नाही तर केवढी बोंब होते. फक्त दोरीवाल्याचं काम विसर्जन झालं की संपतं, रात्री साडेअकराला त्याला कोणी मेसेज करत नाही की दोरी कधी पाठवतोयस. तुझं अर्धं काम सगळे घरी गेल्यावर सुरू होतं, तेही एकट्याने, खोलीत बसून, आणि हे काम आहे हे समोरच्याला माहीतच नसतं, त्याला वाटतं फोटो काढला म्हणजे झाला की, मोबाईलवर तर लगेच दिसतो. त्यामुळे तुझा त्रास फुकटपणाचा कमी आणि हद्द न सांगण्याचा जास्त आहे असं मला वाटतं. आणि ती सांगायची राहिलीये तुझ्याकडून. त्यावर येतेच, आधी पैशांचं बोलू.

पैसे घेतले की मान मिळेल आणि आपला फोटो कोणी परस्पर वापरणार नाही, असं तुझ्या डोक्यात आहे. गंमत अशी की आपला कायदा इथे बरोबर उलटा चालतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, आणि कलम १७ प्रमाणे पहिला मालकही तोच. पण त्याच कलमात पुढे अपवाद आहे, की कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर मालक होतो पैसे देणारा. म्हणजे काहीही न लिहिता लग्नाची ऑर्डर घेणाऱ्या फोटोग्राफरचे फोटो ज्यांनी ऑर्डर दिली त्यांचे होतात, आणि तू इतकी वर्षं जे फुकटात काढलेस ते सगळे तुझे आहेत. तुझे म्हणजे तुझ्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही हीच मुदत आहे. मेमरी कार्ड आयोजकांचं होतं, त्यांनी गळ्यात बॅज घातला, स्टेजजवळ सोडलं, याने मालकी बदलत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, कलम १९ त्यासाठीच आहे, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर पाचच वर्षं धरतात. आणि हक्क दिले तरी 'हा फोटो मी काढलाय' हे सांगायचा तुझा अधिकार कलम ५७ ने तुझ्याकडेच राहतो.

मोबदल्याच्या बाबतीत एक बारीक मेख आहे. फुकट पास, टी-शर्ट, जेवणाचं कूपन, येण्याजाण्याचे पाचशे रुपये, हे मोबदल्यात धरायचे का यावर दोन वकील दिवसभर भांडू शकतील. तेव्हा पैसे घे नाहीतर नको घेऊस, आधीच ईमेलवर एक ओळ टाकायची: 'फोटोंचे कॉपीराइट माझ्याकडे राहतील, तुम्ही तुमच्या पेजवर आणि कार्यक्रमाच्या रिपोर्टमध्ये माझं नाव देऊन वापरू शकता.' त्यावर 'ओके' आलं की पुरे. (हे सदर वाचणाऱ्यांत अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना पळापळ करणारे हौशी फोटोग्राफरही आहेत, त्यांनी हा परिच्छेद जसाच्या तसा घेऊ नये, तिकडे बाहेरच्या फोटोग्राफरने पैसे घेतले तरी लेखी करार नसेल तर हक्क साधारण त्याच्याकडेच राहतात.)

आता त्या जाहिरातीचं. तू म्हणतोस 'जाऊ दे, उगाच वाद नको, पुढच्या वेळी बोलावणार नाहीत'. वाद नकोच आहे, पण गप्प बसणं आणि वाद घालणं यांच्यामध्ये भरपूर जागा असते. जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट घे, लिंक जपून ठेव. तुझ्याकडची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, हा तुझा पुरावा, ती दुसऱ्या कोणाकडे नसते, म्हणूनच रॉ कधी कोणाला द्यायची नाही, कितीही गोड बोलून मागितली तरी. मग आधी आयोजकांना ईमेल कर, स्पॉन्सरला नको, कारण बऱ्याचदा घडतं ते असं की आयोजकांपैकी कोणीतरी पूर्ण ड्राइव्हची लिंक स्पॉन्सरच्या एजन्सीला फॉरवर्ड करतो आणि तिथल्या पोराला वाटतं हे सगळं आपल्याला वापरायलाच दिलंय. चार ओळी पुरतात: हा फोटो माझा आहे, जाहिरातीसाठी मी दिलेला नव्हता, एक तर काढून टाका नाहीतर योग्य मोबदला आणि नाव द्या, आठ दिवसांत कळवा. आणि इथे पैसे मागायला अजिबात लाजू नकोस, ज्याने त्या फोटोवर माल विकला त्याला तू व्हॉलंटियर कधी झालाच नव्हतास.

यात एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच आली नाही. त्या जाहिरातीत चेहरा कोणाचा आहे? तुझा नाहीये. ज्याने वेश केला होता त्याला कोणी विचारलं का? सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये, ऑटो शंकर नावाच्या गुन्हेगाराच्या आत्मचरित्रावरून झालेल्या प्रकरणाच्या निकालात, स्पष्ट म्हटलंय की एखाद्याचं नाव किंवा छबी त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीला वापरली तर तो त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. म्हणजे तू स्पॉन्सरला होकार दिला असतास तरी तो अर्धाच होकार झाला असता. त्यातून ते पात्र कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या मालकीचं असणार, ते जाहिरातीत वापरल्याबद्दल उद्या त्यांचे वकील जागे झाले तर स्पॉन्सरचीच पळापळ, हे ईमेलमध्ये सहज एका ओळीत टाकलंस तर काम लवकर होईल असा माझा अंदाज. त्या कॉस्प्लेयरला मात्र आजच कळव, त्याला अजून माहीतही नसेल.

इथून पुढे बोलावणं आलं की हो म्हणायच्या आधी एवढंच बघ, की हा कार्यक्रम कोणाचा आहे आणि तिकिटाचे पैसे शेवटी कुठे जातात. फॅन लोकांचे दोन प्रकारचे कार्यक्रम असतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वर्ल्डकॉन १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा भरलं, आजही ते सायन्स फिक्शनचे चाहतेच चालवतात, आयोजकांना पगार नाही, राबणारे लोकसुद्धा स्वतःच्या मेंबरशिपचे पैसे भरतात. टोकियोचं कॉमिकेत, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा बाजार, १९७५ पासून चालू आहे, तिथे विकणारा, विकत घेणारा, व्यवस्था बघणारा, सगळे सारखेच सहभागी, गिऱ्हाईक कोणीच नाही असं ते मानतात. अशा ठिकाणी फुकट राबणं म्हणजे आपल्याच घरच्या कार्यात वाढायला उभं राहणं. दुसरीकडे आपल्याकडचं कॉमिक कॉन, २०११ ला दिल्ली हाटला सुरू झालं, तो व्यवसाय म्हणून चालवलेला कार्यक्रम आहे, २०२४ मध्ये नॉडविन गेमिंगने ती कंपनी विकत घेतली. त्यात वाईट काहीच नाही, व्यवसाय आहे म्हणून तर एवढं मोठं स्टेज, बाहेरचे पाहुणे, कॉस्प्लेला बक्षिसं हे सगळं उभं राहतं. पण व्यवसाय म्हटला की लाइटवाला, साउंडवाला, सिक्युरिटी सगळे बिल लावतात, मग फोटोवाल्यानेच समाजसेवा का करायची? कुठल्याही मोठ्या तिकीटवाल्या कार्यक्रमाने 'एक्सपोजर मिळेल' म्हणून दोन दिवस उभं राहायला सांगितलं तर सरळ कोटेशन पाठव. नाही जमलं तर तिकीट काढून चाहता म्हणून जा, मित्रांचे चार फोटो काढ, ज्यूस पी, स्टॉल बघ. तुझं पत्र दोनदा वाचलं मी, त्यात ॲनिमेबद्दल एक वाक्य नाहीये, ज्याच्या वेडापायी हे सगळं सुरू झालं ते तू शेवटचं कधी प्रेक्षकांत बसून बघितलंस कोण जाणे.

बरं, आता 'फोटो कधी'. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विचारायच्या आधीच सांगून टाकणं. पुढच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ग्रुपवर हे टाक, शब्द तुझे कर:

'मी रविवारी ११ ते २ फोटो काढायला आहे, त्यानंतर मी पण प्रेक्षक. त्याच रात्री दहा फोटो ग्रुपवर येतील. बाकी निवडलेले साठेक फोटो पुढच्या रविवारपर्यंत ड्राइव्हच्या लिंकवर टाकेन, लिंक महिनाभर चालू राहील, तेवढ्यात डाउनलोड करून घ्या. सगळे फोटो आणि रॉ फाइल देत नाही. पोस्ट करताना नाव द्या, चेहऱ्यावर फिल्टर नको. जाहिरातीसाठी हवा असेल तर आधी मला आणि फोटोतल्या माणसाला विचारायचं. स्वतःचा फोटो कोणाला नको असेल तर मला मेसेज करा, काढून टाकेन, कारण विचारणार नाही.'

वाचायला जरा कडक वाटेल पण लोकांना आवडतं असं, कारण त्यांनाही कळत नसतं किती वाट बघायची. आणि त्याच रात्रीचे दहा फोटो फार महत्त्वाचे, ते कॅमेऱ्याच्या वायफायवरून मोबाईलवर घेऊन लोकलमध्ये घरी येतानाच टाकून मोकळं व्हायचं, लोकांची निम्मी घाई तिथेच निवते. बाकीच्या फोटोंना मग कोणी फार विचारत नाही हे तुझ्या लक्षात येईल (आणि थोडं वाईटही वाटेल, पण असो).

दोन हजार फोटोंना मात्र कार्यक्रम जबाबदार नाही, तुझं शटरवरचं बोट जबाबदार आहे. बर्स्ट मोड बंद कर. पोज देऊन उभ्या असलेल्या माणसाचे बारा सलग फोटो कशाला लागतात? ढोलाचा टिपरू वर असताना, लेझीम उघडताना लागतात, तेही तेवढ्यापुरते. निवडताना उलटं कर, वाईट कुठले ते शोधत बसू नकोस, एकदाच भरभर बघत जा आणि जिथे हात आपोआप थांबला तेवढ्यांनाच स्टार दे, बाकीच्यांकडे परत बघायचं नाही. आणि एडिटिंगचा बराचसा वेळ आपण काढतानाच्या चुका निस्तरण्यात घालवतो. तू लिहिलंयस की एक्झिबिशन हॉलमधल्या फोटोंचे रंग एकेक करून सुधारावे लागतात, लागोपाठच्या दोन फोटोंत एक पिवळट आणि एक काळपट येतो. तो दोष तुझ्या कॅमेऱ्याचा नसणार. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशा हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात, डोळ्याला ते कळत नाही पण शटर १/५०० सेकंदावर असेल तर प्रत्येक फोटो त्या लाटेचा वेगळाच तुकडा पकडतो, कधी आडवे पट्टेही येतात. शटर १/१०० वर आण, उभ्या माणसाला तेवढं पुरतं, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १६०० किंवा ३२०० गेला तर जाऊ दे, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सच्या जागी जास्त उजेड घेणारी ५० एमएम एफ १.८ लाव. मेन्यूत अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू कर. बघ मग किती फोटोंना हातच लावावा लागत नाही.

राहिली ती मुलगी. तिला तू पत्रात सगळ्यात कमी जागा दिलीयेस, जाहिरातीवर पानभर आणि हिच्यावर चारच ओळी, पण लागलंय तुला हेच, कारण स्पॉन्सरचा राग येतो आणि इथे राग येत नाहीये, नुसतं वाईट वाटतंय. तू लिहिलंयस, फोटो स्टेजच्या मागे काढला, खिडकीतून तिरका उजेड येत होता, ती खांद्यावरचं चिलखत सावरत होती, तिला कळलंही नाही, 'एकदम नॅचरल'. आता ते चिलखत कसं बनतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ईव्हीए फोमच्या शीट कापायच्या, हीट गनने तापवून वाकवायच्या, दोन्ही कडांना फेविकॉल एसआर लावून जरा चिकट सुकू द्यायचं आणि मगच जोडायचं, वर प्राइमर, मग रंग, मग कडांवर कोरड्या ब्रशने चंदेरी फटकारे, की लांबून लोखंड वाटावं. ऑफिसवरून येऊन रात्री गॅलरीत बसून आठवडेच्या आठवडे हे करणारी मुलगी त्या पात्रासारखी दिसायला आलेली असते. तुझ्या फोटोत ते पात्र नाहीये, वेल्क्रो सुटलेली, विगच्या कडेने स्वतःचे केस बाहेर आलेली, दमलेली ती स्वतः आहे. तुला नेमकं तेच सुंदर वाटलं, आणि असेलही, मी फोटो बघितलेला नाही. पण ते दाखवायला ती आली नव्हती.

तुझी मेहनत तुला न विचारता कोणीतरी वापरली याचा तुला संताप आला ना? मग तिच्या बाजूने जरा बघ. तीही तिथे फुकटच आलीये, उलट फोम, रंग, विग, डोळ्यांतल्या लेन्स, टॅक्सी सगळा स्वतःचा खर्च करून, आणि तुझ्या अल्बममधले अर्धे चांगले फोटो हे तिच्यासारख्यांच्या त्या खर्चावर उभे आहेत. स्पॉन्सर आणि तू एकाच पारड्यात आहात असं मी म्हणत नाहीये, तू तिला विकलं नाहीस, आणि सांगितल्यावर ऐकलंस. पण 'मी तर फुकट काढतो, माझा काय स्वार्थ' हा विचार आला की विचारायचं राहून जातं, तेवढं बघ.

तिला काय उत्तर द्यायचं असं विचारलंयस. 'काढून टाकला. सॉरी, पुढच्या वेळी आधी दाखवीन.' बस. उजेड किती सुंदर होता हे सांगायला जाऊ नकोस, कारणही विचारू नकोस. कारणं बरीच असू शकतात, घरी माहीत नसेल, ऑफिसमध्ये कोणी पाहिला असेल, किंवा नुसताच नाही आवडला. आपल्याकडे कितीतरी मुली, आणि मुलगेसुद्धा, कॉस्प्लेचं अकाउंट वेगळ्या नावाने चालवतात ते नातेवाइकांच्या नजरेला पडू नये म्हणूनच, आणि मग एखादा उत्साही फोटोवाला खऱ्या नावाने टॅग करतो आणि रविवारी आत्याचा फोन येतो. म्हणून फोटो काढल्यावर लगेच विचारायचं, टॅग करू का, आणि कुठल्या हँडलला.

न्यूयॉर्क कॉमिक कॉनला २०१४ मध्ये जागोजागी मोठे फलक लावावे लागले होते, 'कॉस्प्ले इज नॉट कन्सेंट', वेश केलाय म्हणजे हात लावायला किंवा हवा तसा फोटो काढायला परवानगी दिली असं नाही. हे फलक काही तिकडच्याच लोकांसाठी होते असं नाही, आपल्याकडे तर गर्दीत कोण विचारतो. तुला जमण्यासारखं एवढं: फोटो काढायच्या आधी कॅमेरा जरा वर करून नजरेनेच विचार, मान हलली तर काढ. काढल्यावर कॅमेऱ्याची स्क्रीन त्यांच्याकडे वळव, तीनेक फोटोंतला त्यांना कुठला आवडतो ते तिथेच ठरू दे, अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. विग सरकलाय, पट्टा सुटलाय, चेहऱ्यावर घामाने मेकअप ओघळलाय असं दिसलं तर आधी सांग, मग काढ. कपडे बदलायच्या जागेजवळ, जेवताना, जमिनीवर बसलेले असताना काढायचेच नाहीत, आणि खालून अँगल घ्यायचा मोह तर सोडूनच दे. लहान मूल असेल तर आईबापांना विचारल्याशिवाय नाही, आणि मुलाच्या शाळेचं नाव, बॅज काही दिसत असेल तर तो फोटो पोस्टच करायचा नाही. आयोजक हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, कॉमिकेतसारखी फोटोसाठी एक वेगळी जागा ठेवा, तिथे उभा राहील त्याचेच फोटो, फोटोवाल्यांनी रांगेत यायचं, बाकी हॉलमध्ये माणसाला शांतपणे वडापाव खाऊ द्या.

पाडव्याच्या यात्रेला हे सगळं तसंच्या तसं लागू नाही हे मला कळतं. डोंबिवलीची शोभायात्रा १९९९ ला सुरू झाली, म्हणजे जवळजवळ तुझ्याच वयाची, आणि फडके रोडवर नऊवारी नेसून बुलेटवर येणारी मुलगी दिसायलाच आलेली असते, तिथे प्रत्येकाला थांबवून विचारत बसलास तर चित्ररथ अंगावरून जाईल. गर्दीचे, पथकाचे फोटो बिनधास्त काढ. पण लांब लेन्सने एकाच चेहऱ्यावर गेलास आणि तिचं लक्ष गेलं तर हसून मान हलव, तिनेही हलवली तर ठीक, तोंड फिरवलं तर पुढे चल. एवढंच. आणि तिथे नऊनंतरचं ऊन फार कडक पडतं, फेट्याखाली चेहरे काळे येतात, तेव्हा जे काय काढायचंय ते आठच्या आत उरक, मग कॅमेरा बॅगेत टाकून मित्रांबरोबर नाश्त्याला जा.

आईचं मला अगदी पटतंही आणि नाहीही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं नसती तर आपल्याकडे एकही गणपती, एकही रक्तदान शिबिर, एकही संमेलन झालं नसतं, हे तिलाही माहीत असणार, हळदीकुंकवाला आणि सोसायटीच्या भोंडल्याला ती स्वतः काय बिल लावते का? तिला त्रास होतो तो तू रविवारी दुपारी ताटाशेजारी लॅपटॉप उघडून बसतोस त्याचा, तूच लिहिलंयस ते. वरचा मेसेज ग्रुपवर गेला की हा प्रश्न तिच्यापुरता तरी बराच सुटेल.

मग पैसे घ्यायचे की नाही? घे की, पण जिथे खरंच ऑर्डर आहे तिथे: कोणाला स्वतःच्या कॉस्प्लेचं वेगळं शूट हवंय, पथकाला वेबसाइटसाठी फोटो हवेत, कुठल्या ब्रँडला जाहिरात करायचीये. तिथे आधी दर सांगायचा, अर्धे ॲडव्हान्स, कॉपीराइट कोणाकडे ते ईमेलमध्ये, आणि समोरच्याला हवं तसं काढून द्यायचं, मग तुला खिडकीतला उजेड आवडो न आवडो. हौशीत पैसे शिरले की ही एक गोष्ट जाते, त्याची तयारी असू दे. आणि सगळ्याच कार्यक्रमांना हो म्हणायची गरज नाही, वर्षाला जे मनापासून आवडतात तेवढेच ठेव. सोसायटीच्या गणपतीला दहावीतल्या एखाद्या पोराला बरोबर घे, पुढच्या वर्षी तो काढेल, त्याचे फोटो जरा हलतील, हलू देत. पोस्टर बनवून देणारे, निवेदन करणारे, पथकाच्या रील एडिट करणारे, मंडळाचा हिशेब ठेवणारे, तुमच्यासाठीही हेच आहे, काय देणार, कधीपर्यंत देणार, काय नाही देणार हे कामाला हात घालायच्या आधी सांगायचं, आणि आपल्या जागी दुसरा माणूस तयार करायचा.

कॅमेऱ्याची घाई मात्र करू नकोस. दोन महिने कपाटात ठेव, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, पावसाळ्यात आपल्याकडे लेन्सला बुरशी फार पटकन लागते. त्यानंतरही विकावासाच वाटला तर फक्त बॉडी विक, तिची किंमत तशीही दर नव्या मॉडेलबरोबर खाली जाते. ५० एमएम राहू दे.